रंग नंतर, आधी बॉटम ब्रॅकेट उघडा

वाचकाचं पत्र

माझ्या वडिलांची १९७०च्या दशकातली काळी हर्क्युलिस सायकल आमच्या चिपळूणच्या घरी आहे. वडील शिक्षक होते, निवृत्तीपर्यंत शाळेत याच सायकलवर गेले. जुलै २०२१च्या पुरात ती पडवीत होती, पूर्ण पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही ती पाइपने धुतली, उन्हात वाळवली आणि माळ्यावर टाकली. आता मुलगी अकरावीला गेली आहे आणि तिला कॉलेजला आजोबांचीच सायकल न्यायची आहे. बाहेरून गंज फारसा नाही, रंग मात्र जागोजागी उडालाय. पण फ्रेम उलटी केली की आत काहीतरी खुळखुळतं आणि सीटच्या नळीतून तांबडी भुकटी पडते. पावडर कोटिंगवाला (भुकटीचा रंग भट्टीत भाजून देणारा) म्हणतो, "माझ्याकडे द्या, नवी करून देतो." सायकलवाला म्हणतो, "पुराची गाडी आहे, भंगारात घाला." कोणाचं ऐकू?

— एक वाचक, चिपळूण

उत्तर

ताई, नमस्कार.

इतक्यात दोघांचंही ऐकू नका. दोघांनी सायकल बाहेरून बघून मत दिलंय आणि तुमचा प्रश्न आतला आहे. पुरात बुडालेल्या फ्रेमचा निकाल दोन पायडलांच्या मधल्या त्या आडव्या, आखूड, जाड नळीत लागतो. सायकलवाले तिला बीबी म्हणतात, म्हणजे बॉटम ब्रॅकेट. ती उघडून आत टॉर्च टाकेपर्यंत रंगावर एक रुपयाही घालू नका आणि भंगारवाल्यालाही हाक मारू नका. तोवर मुलीला ती चालवायला देऊ नका, अगदी गल्लीतल्या गल्लीतसुद्धा.

फ्रेमच्या नळ्या पोकळ असतात आणि आतल्या बाजूला रंगाचं संरक्षण बहुतेक नसतंच. पाणी आत शिरायला पुराचीच गरज असते असं नाही. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, जिथे नळीत उतरतो तिथली चीर, हँडलखालच्या उभ्या नळीचे, म्हणजे हेडचे कप (बेअरिंगचे छर्रे बसायच्या वाट्या), नळ्या जोडताना गरम हवा बाहेर पडावी म्हणून ठेवलेली बारीक भोकं, सगळीकडून थोडं थोडं पाणी झिरपतं. जुन्या काळ्या सायकलींत बीबीवर तेल सोडायला एक भोक असतं, त्यावर छोटं टोपण. ते टोपण हरवलं की पावसाला सरळ दरवाजा. शिरलेलं पाणी उताराने खाली येतं आणि फ्रेममधली सगळ्यात खालची जागा म्हणजे बीबी.

बाहेरचं पाणी उन्हात तासाभरात वाळतं, आतलं वाळत नाही. दिवसा नळी तापते, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री नळी गार होते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, तिचं दव आतल्या भिंतीवर धरतं. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हे रोज चालतं. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज धरायला लागतो, आणि तुमच्याकडे जून ते सप्टेंबर ती ऐंशीच्या खाली क्वचित येते. त्यात पुराने गाळ आणून घातला. गाळ ओल धरून ठेवतो आणि जिथे बसतो तिथल्या पोलादाला महिनोन्‌महिने कोरडं होऊ देत नाही. तुम्ही धुतलीत आणि वाळवलीत ते बरोबरच केलंत, पण ते बाहेरचं झालं. बीबी न उघडता आतला गाळ निघत नाही.

तरीही मला आशा आहे, आणि ती उगाच धीर द्यायला म्हणून सांगत नाही. या काळ्या सायकलींच्या नळ्या जाड असतात, एक मिलिमीटरहून जास्त. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली आणलेल्या ५३१ नळ्यांसारख्या हलक्या रेसिंगच्या नळ्या मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात. तिथे गंजाने पाव मिलिमीटर खाल्लं तर अर्धी नळी गेली. तुमच्या वडिलांच्या सायकलमध्ये तेवढंच खाल्लं तरी बरंच उरतं. दुसरं असं, की गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्याच्या प्रकारानुसार दुपटीपासून सहापटीपर्यंत. फ्रेममधून चमचाभर गंज पडला म्हणजे चमचाभर पोलाद गेलं, असा हिशोब नसतो.

सुरुवात सीटपोस्टपासून करा. काढण्याआधी जिथे तो नळीत शिरतो तिथे चिकटपट्टीने खूण करा, म्हणजे आत किती गेला होता ते कळेल. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून सीट डावी-उजवीकडे फिरवा. हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल सोडून एक-दोन दिवस थांबा, परत सोडा, परत थांबा. घाईने पाइप पाना लावून पिळू नका. सीटपोस्ट थोडक्या पैशांत बदलता येतो, पिळलेली सीटची नळी बदलता येत नाही. निघाल्यावर त्याचा खालचा भाग बघा. तो नळीत जेवढा आत होता तेवढीच नळी त्याच्याबरोबर गंजली असणार. तिथे नुसता तपकिरी डाग असेल आणि खरवडल्यावर खाली धातू गुळगुळीत लागत असेल तर नळीची वरची बाजू शाबूत आहे असं धरायला हरकत नाही.

मग पांढरा कागद पसरा, फ्रेम उलटी धरा आणि सीटची नळी तळहाताने थोपटत जे पडेल ते पडू द्या. ही तुमची तांबडी भुकटी. मला तिची लगेच भीती वाटत नाही, कारण कोकणातली जांभ्याची माती मुळातच गंजाच्या रंगाची. तिचा तांबडेपणाही लोहाच्या ऑक्साइडचाच. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडच्या पुरात काळ्या मातीत बुडालेली सायकल असती तर नुसत्या रंगावरून सांगता आलं असतं. तुमच्याकडे रंग फसवतो. चिमूटभर भुकटी तळहातावर घ्या, दोन थेंब पाणी टाका आणि बोटाने चोळा. माती असेल तर चिखल होऊन बोटाला माखेल, गुळगुळीत लागेल. गंज असेल तर बोटाखाली चुरचुरत राहील, आणि खपल्या असतील तर त्या मोडतील पण विरघळणार नाहीत.

कोणीतरी तुम्हाला चुंबक लावून बघायला सांगेल. इथे तोही भरवशाचा नाही. सह्याद्रीच्या काळ्या दगडातून झिजून आलेल्या नदीच्या वाळूत चुंबकाला चिकटणारे काळे कण असतातच, आणि भुसभुशीत नारिंगी गंज चुंबकाला धड चिकटत नाही. म्हणून चिकटतं की नाही यापेक्षा आकार बघा. वाळूचा कण गोलसर असतो. गंजाची खपली चपटी, कडा तीक्ष्ण, एक बाजू तपकिरी आणि नळीला लागून असलेली बाजू काळसर. कागदाइतक्या पातळ खपल्या पडल्या तर काळजीचं कारण नाही. नखाइतक्या जाड, आत थर दिसणाऱ्या खपल्या पडल्या तर नळीचा तो भाग शोधून काढावाच लागेल.

आता बीबी. हे घरी करू नका. कॉटर पिनच्या (क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, एक्सलला अडकवणाऱ्या पाचरीच्या) सायकली ज्याने आयुष्यभर उघडल्या आहेत असा जुना सायकलवाला गाठा. भंगारात घाला म्हणणाराच माहितगार असेल तर तोही चालेल. त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. अशा कामात त्याचा अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक शंभर रुपये द्यायला कुरकुर करतं, म्हणून तो नको म्हणतो. त्याला आधीच सांगा, "दिवसभराची मजुरी देते. बीबी पूर्ण खोला, फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा चिमटा, बाहेर काढा आणि मी बघेपर्यंत काही परत बसवू नका." आणि तिथे उभ्या राहा.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. कॉटर पिन ठोकताना क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा किंवा लाकडाचा भक्कम आधार हवा, नाहीतर हातोडीचा मार छर्ऱ्यांवर आणि कपांवर जातो. पिन वाकली तर वाकू दे, नवी स्वस्तात मिळते. दुसरी गोष्ट, डावा कप आणि त्यावरची रिंग नेहमीच्या आट्यांची असते, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने सुटते. उजवा, चेनच्या बाजूचा कप मात्र या ब्रिटिश घडणीच्या सायकलींत उलट्या आट्यांचा असतो. तो सुटत नसेल तर जोर लावू देऊ नका. डावा कप आणि एक्सल निघाला की आत बघायला पुरेशी जागा होते.

खुळखुळ कसली होती ते बहुधा इथेच कळेल. फुटलेला छर्रा, गाळाचा वाळलेला गोळा, गंजाची मोठी खपली, यातलं काहीही निघू शकतं. नुसत्या आवाजावरून फ्रेम गेली असं ठरवता येत नाही.

बीबीचा शेल, म्हणजे ती आडवी जाड नळी, डिझेलने धुऊन, फडक्याने पुसून, कोरडा करून मगच टॉर्च टाका. आता शांतपणे बघा, कारण सगळ्यात मोलाची जागा हीच आहे. लगने, म्हणजे नळ्या ज्यात खोचून जोडतात त्या बाह्यांनी, जोडलेल्या या फ्रेमच्या शेलमध्ये तुम्हाला चार नळ्यांची तोंडं उघडी दिसतील: सीटची उभी नळी, पुढे हँडलकडे तिरकी जाणारी नळी, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या दोन बारीक नळ्या. प्रत्येक नळीची कापलेली कड शेलच्या आत थोडी डोकावते. ही कड म्हणजे नळीची जाडी तुमच्या डोळ्यांसमोर. चांगल्या नळीची कड चौकोनी, बोथट आणि सगळीकडे सारखी दिसते. खाल्लेल्या नळीची कड पातळ होत धारेवर आलेली असते किंवा उंदराने कुरतडल्यासारखी तुटक दिसते. विशेषतः प्रत्येक तोंडाची खालची बाजू बघा, कारण पाणी तिथे साठतं. सायकलवाल्याकडे व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) असेल तर कडेची जाडी वर आणि खाली मोजा. वर सव्वा मिलिमीटर आणि खाली एक भरलं तर मला समाधान आहे. खाली अर्ध्यावर आलं असेल तर तिरक्या नळीबद्दल मी होकार देणार नाही.

यानंतर एक जुना स्पोक घ्या, टोकाला कानशीने धार करा आणि टोकापासून बोटभर अंतरावर थोडा वाकवा. तो या तोंडांमधून आत घालून नळीच्या तळाला टोचत, खरवडत जा. चांगल्या पोलादावर टोक घसरतं आणि टणटणीत लागतं. गंजाच्या जाड थरात ते रुततं. थर खरवडून परत टोचा. थराखाली टणक लागलं तर ठीक. टोक नळीबाहेर आलं तर प्रश्नच मिटला. बाहेरच्या बाजूनेही बीबीच्या आसपास आणि नळ्यांच्या खालच्या अंगाला हात फिरवा. रंगावर पुटकुळ्या आल्या असतील तर त्या टोच्याने फोडा. खरचटलेल्या रंगापासून सुरू झालेला गंज पसरट असतो, त्याची सुरुवात दिसते. रंग शाबूत आणि मध्येच एक पुटकुळी, असं असेल तर गंज आतून बाहेर आलाय असं समजा.

मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा, लांब वायरच्या टोकाला दिवे असलेला, आता स्वस्तात मिळतो आणि गाड्यांच्या बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. मिळाला तर जरूर वापरा, फक्त त्यातलं चित्र बघून घाबरू नका. इतक्या जवळून आणि इतक्या उजेडात कोणतीही जुनी नळी भयंकर दिसते. सपाट, मखमली तपकिरी थर म्हणजे वरवरचा गंज. काळे खड्डे, कडा असलेले, एकमेकांना लागून असलेले, तिथे थांबून जागा लक्षात ठेवा आणि स्पोकने ती तपासा. नाण्याने टकटक करून आवाज ऐकण्याचा प्रकार मी निकालाला धरत नाही. त्याने एवढंच कळतं, की पूर्वी कोणी भोकात लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला असेल तर त्या जागी आवाज बद्द येतो आणि चुंबकही ढिला चिकटतो. त्यासाठी मात्र तो उपयोगाचा आहे.

ताई, आता फोर्क. फ्रेमबद्दल एवढं लिहिलं तरी माझी खरी काळजी पुढच्या फोर्कची आहे. फ्रेमची नळी बीबीजवळ कमकुवत झाली तर बहुतेक वेळा आधी कुरकुर ऐकू येते, पायडल मारताना फ्रेम लचकते, रंगाला तडा जातो. सावध व्हायला वेळ मिळतो. फोर्कची उभी दांडी हेडच्या आत असते, दिसत नाही, आणि ती तुटते तेव्हा क्षणात तुटते. चालवणारा तोंडावर आपटतो. त्या दांडीचं खालचं तोंड मडगार्डच्या वर उघडं असतं आणि पुढचं चाक पावसाचं पाणी तिथेच फेकतं. त्यामुळे पुरात न बुडालेल्या सायकलींतही ही जागा आतून गंजलेली सापडते.

फोर्क पूर्ण बाहेर काढा. हँडलचा खुंटा सहज निघाला का, की ठोकून काढावा लागला, ते विचारा. दांडीच्या आत खालून आणि वरून टॉर्च टाका. हँडलचा खुंटा जिथे आत संपतो ती पातळी, वरच्या आट्यांचा भाग आणि खाली जिथे दांडी फोर्कच्या खांद्यात शिरते ती जागा, या तीन ठिकाणी नीट बघा. बाहेरून पॉलिश पेपरने घासून आडवा केसासारखा तडा आहे का ते तपासा. इथे माझा नियम फ्रेमपेक्षा कडक आहे: खड्डे दिसले की फोर्क बदला, जाडी मोजत बसू नका. काळ्या सायकलींचे फोर्क अजून मिळतात, महागही नाहीत. जुना फोर्क वडिलांची आठवण म्हणून भिंतीवर लावा, पण मुलीच्या हाताखाली नको. हँडलच्या मुठी काढून त्या नळीतही एकदा बघून घ्या, तिथे घामाचं मीठ साचतं.

आतून बघून झालं की निर्णय फार अवघड राहत नाही. मधल्या तीन मोठ्या नळ्यांपैकी एकीलाही आरपार भोक असेल, किंवा स्पोक आरपार गेला, तर ही फ्रेम रोज कॉलेजला न्यायची नाही. कोणी वेल्डिंगचा तुकडा मारून देतो म्हटलं तरी नाही. गंजून पातळ झालेल्या नळीवर वेल्डिंगची धग दिली की शेजारची जागा आणखी कमकुवत होते, आणि तुटते ती तिथे. मागच्या वरच्या, सीटकडे जाणाऱ्या नळ्या बऱ्याच काळ्या सायकलींत बोल्टने जोडलेल्या असतात. दोष तिथेच असेल तर तेवढ्या बदलून घ्या आणि बाकीची फ्रेम वाचवा. वरवरचा गंज, पातळ खपल्या, कडा भरीव असं निघालं तर सायकल वाचली, आणि मुलीला द्यायला माझी हरकत नाही.

वाचली तर पुढचं काम क्रमाने करा. क्रम चुकला की सगळं वाया जातं.

पहिल्यांदा आत साधं पाणी सोडा. गंजलेल्या नळीत पाणी घालायचं हे विचित्र वाटेल, पण गाळ आणि क्षार पाण्यानेच निघतात, आणि क्षार आत राहिले तर वरून कितीही तेल घातलं तरी खाली गंज चालूच राहतो. जुन्या चेनचा तुकडा सीटच्या नळीत सोडून हलवा, सैल खपल्या सुटतील. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग बीबी उघडी ठेवून, ते तोंड खाली येईल अशी फ्रेम टांगा आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने प्रत्येक तोंडातून आणि भोकातून पाणी उडवा. त्यानंतर कडक ऊन, चार-सहा दिवस. हे काम मार्च ते मे या महिन्यांत करा, पावसाळ्यात हात घालू नका. बाथरूम धुवायचं अॅसिड आत ओतायचा मोह टाळा. ते गंज खातं तसं पोलादही खातं, आणि जिथे पोचतं तिथून पूर्ण बाहेर येत नाही.

आता तुमचा पावडर कोटिंगवाला. काम तो चांगलं करत असेल, पण त्याला दोन गोष्टी विचारा. बऱ्याच ठिकाणी कोटिंगआधी माल सात टाक्यांतून काढतात, त्यातल्या एका टाकीत गंज काढायचं अॅसिड असतं. सपाट पत्र्यासाठी ते उत्तम. सायकलची फ्रेम मात्र पोकळ, बारीक भोकांची. अॅसिड आत शिरतं आणि पुढच्या टाकीत धुतलं जात नाही. त्याला सांगा, फ्रेम टाकीत बुडवायची नाही, बाहेरून हलकं ब्लास्टिंग (जोराने वाळू मारून जुना रंग आणि गंज उडवणं) करून रंग द्या. दुसरं, ब्लास्टिंगची वाळू आत जाऊ नये म्हणून सीटची नळी, हेड आणि बीबीची तोंडं बंद करून घ्या. बीबीच्या आट्यांवर रंग बसला तर कप परत बसणार नाहीत. ब्लास्टिंग झाल्यावर, रंगाआधी, एकदा जाऊन उघडी फ्रेम बघा. लांबी, जुने जोड, बारीक भोकं सगळं त्या अर्ध्या तासात दिसतं. आणि आत तेल घालायचं ते रंग झाल्यावरच. भट्टीत १८०-२०० अंशांना आतलं तेल पातळ होऊन भोकांतून बाहेर येतं आणि रंग धरत नाही.

तेल कोणतं, तर उकळलेलं अळशीचं. रंगाच्या दुकानात लाकडाला लावायचं डबल बॉइल म्हणून मिळतं ते. खायचं जवसाचं तेल नको, ते वाळायला फार वेळ घेतं. उकळलेलं तेल हवेत वाळून पातळ, चिवट पापुद्रा धरतं आणि बारीक गंजाच्या फटींतही उतरतं. भोकांना चिकटपट्टी लावा, अर्धा कप तेल सीटच्या नळीतून आणि बीबीच्या तोंडांतून सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा, मग टांगून जास्तीचं निथळू द्या. पुरतं वाळायला आठवडा-दोन आठवडे जातात. सीटपोस्ट शिरतो तेवढा भाग पुसून तिथे ग्रीस लावा. एक इशारा गांभीर्याने घ्या: या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेलं फडकं काडी न लावता पेट घेऊ शकतं. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

बीबीच्या शेलला खाली पाणी निघायचं भोक नसेल तर सायकलवाल्याकडून चार-पाच मिलिमीटरचं एक पाडून घ्या. शेलला, नळीला कधीच नाही. शेल जाड असतो, त्याने ताकद कमी होत नाही. तेलाच्या भोकाचं टोपण नवं बसवा, नाही मिळालं तर रबरी बूच. आणि मुलीला एक सवय लावा, सायकल सर्व्हिसिंग सेंटरच्या जोराच्या पाण्याने धुवायची नाही. ते पाणी छर्ऱ्यांपर्यंत आणि नळ्यांपर्यंत सहज पोचतं. ओलं फडकं पुरतं.

सायकल जोडून झाली की पहिले पंधरा दिवस ती एखाद्या मोठ्या माणसाने चालवावी. रोज पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलावी, फोर्कमध्ये कट्‌कट्‌ येते का बघावं, आणि लगच्या कडेला नव्या रंगाला बारीक तडा गेलाय का ते उजेडात तपासावं. पावडर कोटिंग चिवट असतं, खालचा बारीक तडा ते झाकूनही टाकू शकतं, म्हणून नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका. मग पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये सीटपोस्ट काढून परत कागदावर फ्रेम थोपटायची.

बीबी उघडली की दोन फोटो मला पाठवा: एक शेलच्या आतल्या नळ्यांच्या कडांचा, टॉर्च बाजूने धरून, दुसरा फोर्कच्या दांडीचा, खालच्या तोंडातून. फोर्क नवा घ्यायचाच असं ठरलं तर जुना बरोबर घेऊन दुकानात जा, दांडीची लांबी आणि आटे जुळवून घ्यावे लागतात.